बाहुलीच्या ताटात वडापाव: पॉलिमर क्लेचा खाऊ पहिल्यांदा करताना

भाचीच्या बाहुलीसाठी मी पहिला वडापाव केला तेव्हा पाव अगदी गोल, गुळगुळीत आणि सगळीकडून सारखा तपकिरी झाला होता. तिने तो बोटांत फिरवून बघितला आणि म्हणाली, "मावशी, हा बर्गर आहे." तिचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. लादीतून तोडलेल्या पावाला गोल कड नसतेच. त्याचं डोकं तेवढं तपकिरी आणि तुकतुकीत असतं. बाजू पांढऱ्या असतात, शेजारच्या पावापासून तुटल्याच्या खुणा असलेल्या, रेषारेषांच्या. मी रोज नाक्यावर हा पाव बघत होते, पण कधी नीट बघितला नव्हता.

शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण त्यांत कपकेक, डोनट आणि पिझ्झाच जास्त. तंत्र तिथून शिकता येतं, आपला पदार्थ मात्र आपल्यालाच बघून शिकावा लागतो. म्हणून हा लेख एकाच पदार्थाभोवती लिहिते आहे. वडापाव एकदा नीट जमला की भाजलेलं, तळलेलं, भुरभुरीत आणि ओलं अशा चारही गोष्टी हातात येतात आणि पुढचं ताट आपसूक भरत जातं.

ही माती म्हणजे काय

पॉलिमर क्लेला माती म्हणत असलो तरी ही शाडूसारखी जमिनीतली माती नाही. पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारा तेलकट द्रव आणि रंग, असं हे मिश्रण. हवेवर ती वाळत नाही. भट्टीत ठरावीक उष्णता मिळाली की पूड आणि द्रव एकजीव होतात आणि वस्तू कायमची घट्ट होते. मुंबईकरांना याचा मोठा फायदा आहे. हवेवर वाळणारी क्ले जुलै महिन्यात दिवसचे दिवस ओलसर राहते. पॉलिमर क्लेला पावसाचं काही देणंघेणं नसतं. तिचा शत्रू म्हणजे ऊन.

बाहुल्यांशी तर तिचं जन्मापासूनचं नातं आहे. जर्मनीतल्या नामवंत बाहुलीकार केटे क्रूझ यांच्या मुलीने, जिचं घरचं नाव फिफी होतं, अशी माती घरी विकसित केली. फिमो या नावातला 'फि' तिचाच. 1966 पासून ही माती त्या नावाने विकली जाते आहे.

खरेदी

फिमो, स्कल्पी प्रीमो आणि सर्निट यांपैकी कोणतीही चालेल. बारीक कामाला या तिन्ही मजबूत आहेत. अगदी स्वस्त, नाव नसलेल्या पाकिटांतली क्ले भाजल्यावर पातळ जागी मोडते, आणि बाहुलीचा खाऊ म्हणजे सगळंच पातळ. एक वडी साधारण 57 ग्रॅमची येते आणि तेवढ्यात पंचवीसेक पाव सहज होतात, त्यामुळे ढीगभर रंग घेऊ नका. पांढरा, पिवळा, लाल, तपकिरी, थोडासा निळा, आणि पारदर्शक. हा शेवटचा, पाकिटावर 'ट्रान्सलुसंट' लिहिलेला रंग विसरलात तर बाकी सगळं व्यर्थ. खरं अन्न खडूसारखं ठार पांढरं नसतं, त्यातून उजेड थोडा आत जातो. भात, पाव, मोदक, कांदा, सगळ्यांत निम्म्यापर्यंत ट्रान्सलुसंट मिसळलं की ते खाण्यासारखं दिसायला लागतं.

यासोबत एक छोटी बाटली लिक्विड क्लेची, म्हणजे पातळ, ओतता येणाऱ्या पॉलिमर क्लेची. आणि सुके सॉफ्ट पेस्टल खडू. दुकानात नुसतं 'पेस्टल' मागितलंत तर शाळेतले ऑइल पेस्टल हातात पडतात. ते तेलकट असतात, त्यांची पूड होत नाही. खडू नखाने खरवडून बघा, भुकटी पडली तर तोच आपला.

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर हस्तकलेच्या सामानाची दुकानं एकाला एक लागून आहेत. शनिवारी जाऊ नका, गर्दीत उभं राहून वडी दाबून बघायला मिळत नाही, आणि दाबून बघणं फार महत्त्वाचं आहे. उन्हात किंवा तापलेल्या गोदामात पडलेली क्ले अर्धवट शिजते. पाकिटावरूनच कोपरा दाबा. अंगठ्याखाली किंचित दबला तर ठीक. दगडासारखा लागला किंवा आतून भुगा होतोय असं वाटलं तर परत ठेवा. ऑनलाइन मागवलीत तर एप्रिल-मे टाळलेले बरे. भुलेश्वरला पूजेची चिमुकली पितळी भांडी मिळतात, बाहुलीची ताटं-वाट्या म्हणून ती सुंदर दिसतात.

हत्यारं बहुतेक घरातच आहेत: एक गुळगुळीत पांढरी टाइल, जुना टूथब्रश, शिवणाची सुई आणि एक दाभण, टूथपिक, पातळ पातं, मऊ ब्रश, मेकअपचा स्पंज. लाटण्याऐवजी काचेची सरळ बाटली चालते. एकदा क्लेला लागलेली वस्तू पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाही, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. मी माझ्या सामानाला लाल दोरा बांधून ठेवते, म्हणजे घरात कुणाच्या हातून चूक होत नाही.

आधी मोजा

नेहमीची साडेअकरा इंची फॅशन बाहुली साधारण 1:6 मापाची असते, म्हणजे खरी वस्तू भागिले सहा. बाहुलीघरातल्या छोट्या बाहुल्या बहुधा 1:12 च्या. दोन वडापाव घरी आणा, एक मोजून फोडायला, एक खायला. पाव साधारण 7 सेंमी भरतो, म्हणजे बाहुलीचा पाव 12 मिमी. वडा साडेपाच सेंमीचा, म्हणजे 9 मिमी. 20 सेंमीची पोळी 33 मिमी होते आणि 30 सेंमीचं ताट 50 मिमी. ही मापं कागदावर गोल काढून टाइलशेजारी ठेवा. नवशिक्यांच्या हातून प्रत्येक वस्तू मोठी होते, कारण बोटांना मोठी गोळी सोपी वाटते. वडा पावाबाहेर डोकावला की सगळा भास तिथेच संपतो.

मळणं

हात साबणाने धुऊन कोरडे करा आणि फिकट रंगापासून सुरुवात करा. आधी पांढरा, मग पिवळा, लाल सगळ्यांत शेवटी. पांढरी क्ले मुंबईची धूळ आणि कपड्यांचा धागा न् धागा ओढून घेते, त्यामुळे पंखा कमी, बाह्या वर, आणि ओला वाइप हाताशी. वाटाण्याएवढा तुकडा घेऊन दोन-तीन मिनिटं मळा. वाकवल्यावर कडेला चिरा पडेनाशा झाल्या की ती तयार.

मे महिन्यात उलटी अडचण येते. क्ले बोटांना चिकटते, ठसे उमटतात. तेव्हा ती लाटून दोन साध्या कोऱ्या कागदांमध्ये वजनाखाली काही तास ठेवा. कागदावर तेलाचा डाग उतरतो आणि क्ले घट्ट होते. कापण्याआधी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली तरी चालते, फक्त डब्यात बंद करून, आणि बाहेर काढल्यावर दव धरलं तर टिपून.

रंग मिसळताना एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. वडीतले रंग जसेच्या तसे वापरले तर पदार्थ खेळण्यातला दिसतो. हिरव्या मिरचीसाठी पिवळ्यात निळा घाला, आणि मग टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी. त्या कणाने हिरवा शांत होतो, भाजीचा होतो. लाल, पिवळा, सगळ्यांना हा कण लागतो.

पाव

चार भाग पांढरा, दोन भाग ट्रान्सलुसंट, आणि पिवळ्या-तपकिरी मिश्रणाचा अगदी लहान कण. रंग सायीसारखा यायला हवा. याच्या सारख्या आकाराच्या चार गोळ्या करा, 11-12 मिमीच्या, आणि टाइलवर बेकिंग पेपर घालून त्या चौकोनात एकमेकींना चिकटवून ठेवा. बाजूंनी हलकेच दाबा. गोळ्या एकमेकींना भिडून चौकोनी होतात, वरून मात्र फुगीर राहतात. ही झाली लादी.

आता रंग, आणि तो न भाजलेल्या क्लेवरच. पेस्टल खरवडून तीन ढिगल्या करा: फिकट मातकट पिवळा, सोनेरी तपकिरी, गडद तपकिरी. पहिला रंग मऊ ब्रशने सगळ्या डोक्यांवर. दुसरा त्यापेक्षा कमी जागेत. तिसरा फक्त प्रत्येक पावाच्या माथ्यावर, जिथे भट्टीची आच सगळ्यांत जास्त लागते. दोन पावांच्या मधल्या खाचेत रंग जाऊ देऊ नका, तिथे आच पोचतच नाही. ब्रशवर पूड घेतली की आधी कागदावर झटका, मग लावा. एकदम गडद लावलेला रंग परत येत नाही.

मग लादी तोडायची. पात्याने कापायची नाही, तोडायची. दोन पावांच्या मध्ये सुई घालून जरा सैल करा आणि बोटांनी अलगद ओढा. फाटलेल्या बाजूला आपोआप खरखरीत पोत येतो. कमी पडला तर सुईच्या टोकाने वरून खाली बारीक ओरखडे काढा, सगळे एका दिशेने. खऱ्या पावाचे धागे तसेच उभे असतात. भाचीने "हा नाक्यावरचा" म्हणून पसंत केलेला पाव तो हाच.

शेवटी पाव पात्याने आडवा चिरा, एका बाजूची बिजागरी शाबूत ठेवून, आणि आतला भाग सुईने टोचून टोचून जाळीदार करा. गुळगुळीत राहिला तर पाव शिळ्या चीजसारखा दिसतो.

वडा, चुरा, चटणी

वड्याच्या आत भाजी असतेच, म्हणून आतली गोळी हळदीच्या पिवळ्या रंगाची करा, 7 मिमी. एखादा वडा अर्धा तोडलेला दाखवायचा असेल तर या गोळीत हिरव्या क्लेचे दोन-तीन कण दाबा, कोथिंबिरीचे. तिच्यावर बेसनाचं आवरण: पिवळा, किंचित तपकिरी आणि भरपूर ट्रान्सलुसंट. पातळ चकती करून गोळी त्यात गुंडाळा, सांधे मिटवा, आणि टूथब्रशने सगळीकडून टोका.

एवढ्यावर थांबलात तर ती लिंबाची साल दिसते. गाड्यावर वडा तळताना बघा. पिठाचा एखादा ओघळ तेलात सुटून शेपटीसारखा कडक होतो, कुठे पीठ जाड बसतं, कुठे पातळ. त्यासाठी त्याच रंगाच्या क्लेत दोन थेंब लिक्विड क्ले कालवून तिचं सरबरीत पीठ करा आणि टूथपिकने वड्यावर ओबडधोबड लावा. एका बाजूला छोटं टोक राहू द्या. मग सोनेरी पेस्टल उंचवट्यांवरच फिरवा. खोलगट जागा पिवळ्या राहिल्या की वडा तळलेला वाटतो.

चुऱ्यासाठी याच क्लेची एक गोळी वेगळी भाजून घ्या आणि थंड झाल्यावर बारीक किसणीवर किसा. कीस डबीत भरून ठेवा. मला हा डबीतला चुरा सगळ्यांत उपयोगी वाटतो, शेवेच्या भुग्यापासून भाजलेल्या दाण्यांच्या कुटापर्यंत सगळीकडे चालतो. लसणाच्या चटणीला विटकरी लाल पेस्टलची पूड, थोडा चुरा आणि लिक्विड क्लेचे एक-दोन थेंब. कालवल्यावर ओलसर वाळूसारखी व्हायला हवी, वाहता कामा नये. हिरवी चटणी मात्र थोडी पातळ चालेल, पावाला आतून टूथपिकने फासा.

मिरची म्हणजे 10 मिमीची, टोकाला निमुळती होत गेलेली वळी. दाभणाने एक लांब चीर द्या, ट्रान्सलुसंटचे एक-दोन ठिपके चिकटवून दाबा, तळल्यावर साल फुगून पांढुरकी होते ते हे ठिपके. देठ विसरू नका.

वडा पावात बसवताना चिरेत लिक्विड क्लेचा एक थेंब टाका. भाजल्यावर दोन्ही एकमेकांना धरून राहतात.

भाजणं

इथे घाई केली तर दोन तासांचं काम वाया जातं. माझ्या पहिल्या लादीचं तेच झालं. ओटीजीचा, म्हणजे घरातल्या छोट्या विजेच्या भट्टीचा, काटा 130 दाखवत होता, आतली उष्णता त्याहून बरीच जास्त होती, आणि पांढरे पाव विटकरी होऊन बाहेर आले. त्या दिवसानंतर मी आत ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर आणला. काट्यावर विश्वास ठेवू नका, थर्मामीटरवर ठेवा.

उष्णता पाकिटावर लिहिलेली असते आणि ती कंपनीनुसार बदलते. फिमोला 110 अंश सेल्सिअस, प्रीमोला साधारण 130. दोन कंपन्यांची क्ले एकाच पदार्थात वापरली असेल तर किती अंशांवर भाजायचं तिथेच अडकायला होतं, म्हणून सुरुवातीला एकच कंपनी धरा. ओटीजी पंधरा मिनिटं आधी तापवा. टाइल मधल्या फळीवर, वरून अॅल्युमिनियम फॉइलचा सैल तंबू, म्हणजे कांडीची थेट धग लागत नाही. वेळ 30 ते 40 मिनिटं. योग्य उष्णतेवर दहा मिनिटं जास्त झाली तर काही बिघडत नाही, उलट वस्तू मजबूत होते. बिघडतं ते उष्णता वाढली तर. ट्रान्सलुसंट सगळ्यांत आधी पिवळं पडतं.

वेळ संपली तरी पाव मऊच लागेल. घाबरून आणखी भाजू नका, गरम असताना ही क्ले मऊच असते. ओटीजी बंद करून आतच थंड होऊ द्या.

मायक्रोवेव्ह मोडवर कधीच नाही. कढईत किंवा कुकरमध्येही नाही, तिथे उष्णता ताब्यात राहत नाही. पीव्हीसी करपलं तर घशाला झोंबणारा, आम्लाचा वायू सुटतो. जळका वास आला की ओव्हन बंद, खिडक्या उघड्या, आणि मुलांना घेऊन दुसऱ्या खोलीत जा. आमच्यासारख्या लहान घरात मी खिडकी उघडी ठेवूनच भाजते, आणि त्या वेळी ओट्यावर उघडं अन्न ठेवत नाही. शक्य असेल तर क्लेसाठी जुना, वेगळा ओटीजी ठेवा.

चमक

वडापावाला चमक लागते ती फक्त वड्याला आणि पावाच्या माथ्यावर किंचित. पाण्यात मिसळणारं अॅक्रिलिक व्हार्निश घ्या, एक पातळ हात पुरे. नेलपॉलिश लावू नका. मी लावलं होतं. पहिले काही दिवस फारच छान दिसलं आणि मग वडे चिकट झाले. क्लेतला तेलकट द्रव नेलपॉलिशला विरघळवतो आणि तो चिकटपणा जात नाही. स्प्रेच्या डब्यांतल्या बऱ्याच व्हार्निशचंही तसंच.

यानंतर काय

मोदक. निम्मा पांढरा, निम्मा ट्रान्सलुसंट, 8 मिमीचा थेंबाचा आकार, आणि सुईने तळापासून शेंडीपर्यंत कळ्या. एवढ्या जागेत नऊ कळ्या बसतात, अकरा बसवल्या तर फारच देखणा होतो. कळी म्हणजे नुसती रेघ नव्हे. सुई आडवी धरून दाबली की दोन रेघांमधला भाग फुगतो, ती कळी. शेंडीला केशराची एक काडी, नारिंगी क्लेचा केसाएवढा तुकडा.

वरणभाताला धीर लागतो. ट्रान्सलुसंट-पांढऱ्याच्या 1 मिमी जाडीच्या लांब वळ्या करून भाजायच्या, मग तिरक्या कापून शितं. लिक्विड क्लेत कालवून छोट्या टोपणात दाबली की मूद पडते. वर हळदी रंगाची लिक्विड क्ले, ओघळ एकाच बाजूला. पुन्हा भाजायचं. एकच वस्तू दोन-तीनदा भाजली तरी चालते.

तयार खाऊ ठेवायला पॉलिप्रॉपिलीनचे डबे घ्या, तळाला त्रिकोणात 5 आकडा असलेले. कडक, काचेसारख्या स्वस्त प्लास्टिकच्या डब्यांना न भाजलेली क्ले अक्षरशः खाते, डबा चिकट होतो आणि क्लेही. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर हा सगळा संसार उंच फळीवर. खरा वाटेल असाच आपण तो केलेला असतो, आणि लहान मूल तो तोंडात घालणारच.

वडापावाला कागदही हवा. खऱ्या वर्तमानपत्राचा तुकडा वापरलात तर एकेक अक्षर बाहुलीच्या हाताएवढं दिसतं. झेरॉक्सवाल्याकडे पान न्या आणि 41 टक्क्यांवर लहान करून घ्या, मग त्या प्रतीची पुन्हा 41 टक्क्यांवर प्रत. ती जवळजवळ एक षष्ठांश होते. कागद दुधाच्या चहात क्षणभर बुडवून वाळवला की पिवळसर होतो. माथ्यावर बोटाने खोबरेल तेलाचा एक ठिपका, आणि तो पसरला की त्या डागावर वडापाव ठेवा.